पाचवा

वडाळा नाक्याला, टायरवाल्याच्या मागच्या बोळात
माझी जीप चार दिवसांपासून ठोकळ्यांवर उभी आहे.
एकोणनव्वदचं मॉडेल. चार गिअर.
पहिल्यात टाकायचा तर आधी पूर्ण थांबायचं,
जरा दम खायचा, मग विचारून टाकायचा.
तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना
क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस, पुन्हा क्लच.
बावीस वर्षं माझ्या डाव्या पायाने हा पाढा म्हटला.
गुडघ्याच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून विचारलं,
तुम्ही शिलाई मशीन चालवता का?

इनायत मिस्त्रीने जुना बॉक्स खाली घेतला, तळाचा नट काढला.
काळ्या तेलात पितळेचा चुरा,
उन्हात भंडाऱ्यासारखा.
मी मनात काहीतरी मोठं आणणार
तेवढ्यात तो म्हणाला, सिंक्रो रिंग गेल्यात. तिन्ही.
आणि बोट पँटला पुसलं.

नवा म्हणजे नवा नव्हे. मालेगावच्या भंगारातला.
कुठल्या गाडीचा ते विचारलं नाही,
पण सांध्यात वाळलेली माती लाल होती,
म्हणजे कोकण पाहिलेला असावा.
पाच गिअर. जुन्यापेक्षा दोन इंच लांब.
म्हणून मागचा शाफ्ट दोन इंच कापायचा
आणि पुढचा दोन इंच वाढवायचा.
अंबडला गांगुर्डेच्या लेथवर दोन्ही घेऊन गेले.
इकडचं तिकडे लावता येत नाही का, मी विचारलं.
तो हसला. बाई, लोखंड म्हणजे कापड नव्हे.
घेतले मात्र साडेचार हजार.

चौथ्या दिवशी संध्याकाळी इनायत गाडीखाली शिरला.
छातीवर बॉक्स, तीस किलोच्या वर,
पोराने मागून जॅक धरलेला.
शाफ्टचे दात क्लच प्लेटच्या दातांत बसायला हवेत,
तिथे दिसत काहीच नाही.
त्याने डोळे मिटले.
ते डोळे मला ओळखीचे वाटले.
करंजाळीला, गोठ्यात, कंदील धुरकटलेला,
माझा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत,
आणि मी अशीच, कुठेही न बघता,
वासराचा दुमडलेला पाय शोधत.
जोर लावायचा नाही. वाट बघायची. किंचित फिरवायचं.
थोडं हलवा, गाडीखालून आवाज आला,
अजून थोडं, बस, बस,
आणि एक ओला, बारीक आवाज. बसला.
मी नकळत म्हटलं, आता पुसून घ्या.
पोरगा माझ्याकडे बघत राहिला.

सकाळी पेठ रोडने निघालो.
शेजारी भागवत, मांडीवर औषधांचा डबा,
दोन वर्षांपासून माझा कंपाउंडर.
रिव्हर्स जिथे होता तिथे आता भलतंच काहीतरी आहे.
पहिल्या सिग्नललाच मागच्या रिक्षावाल्याने ते मला कळवलं.
रामशेज मागे पडला, रस्ता मोकळा झाला,
चौथ्यावर इंजिन नेहमीसारखं ओरडायला लागलं,
आणि हात गेला उजवीकडे, वर,
जिथे इतकी वर्षं कोणाचा तरी गुडघा असायचा.
सरक जरा, मी म्हटलं.
भागवतने गुडघा आवरला.

पाचवा पडला आणि गाडी गप्प झाली.
म्हणजे टपाची ताडपत्री फडफडत होती,
मागे सलाईनच्या बाटल्या एकमेकींना लागत होत्या,
पण हे सगळं आता ऐकू येत होतं.
बाई, भागवत म्हणाला, मी प... प...
आणि अडकला.

गोठ्यात तो बोलत नाही, दोर धरतो.
गाडीत बोलायचा, पण ओरडून,
ओरडल्याशिवाय या जीपमध्ये कोणी कोणाशी बोललंच नव्हतं.
ओरडताना तो कधी अडखळला नाही.

तो काचेतून समोर बघत होता, कान लाल.
मी काही सुचवलं नाही.
सावळ घाटाचं पहिलं वळण आलं.
क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस,
आता गरज नसते याची, पण पायाला कोण सांगणार,
पुन्हा क्लच, आणि तिसरा
लोण्यात सुरी जावी तसा गेला.
पोहे आणलेत, भागवत म्हणाला,
बायकोने दिलेत, तुमच्यासाठीपण.